झालेल्या कामांची यादी

(मंडळाच्या वर्धापनदिनी चिटणिसांनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी आपल्यापुढे उभी राहते ती अहवाल वाचायला. चिटणिसाने अहवाल वाचायचा, आपण टाळ्या वाजवायच्या आणि मग बटाटेवडे व चहा, असा आपला बरीच वर्षे चालत आलेला शिरस्ता. यंदा अध्यक्षबाईंनी तो मोडला. त्या म्हणाल्या, "अहवाल स्मरणिकेत छापू, ज्या त्या घरी वाचतील. तुम्ही तो तयार कसा करता, तेवढे सांगा." मला वाटले, यात सांगण्यासारखे ते काय? भाजी कशी झाली ते जेवणाऱ्याने पाहावे. ती चिरली कशी हे ऐकण्यात कुणाला गोडी? पण मग लक्षात आले, की या अहवालाच्या पायी माझ्या हातून एक मोठी चूक घडली होती आणि ती आपल्यातल्या फार थोड्या जणींना ठाऊक आहे. तिची कबुली द्यायला ही संधी बरी, म्हणून उभी राहिले.

जुन्या भगिनींना आपल्या वह्या आठवत असतील. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट. मंडळाने जे जे करायचे ठरवले ते त्यांत लिहायचे आणि झाले की पुढे बरोबरची खूण करायची. २६ जुलै २००५ ला पाऊस आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, आणि आपण तर इकडे खाडी, मिठागरे आणि भरतीचे पाणी यांच्या मध्ये वसलेली माणसे. आपली खोली तळमजल्यावर. चार दिवसांनी कुलूप काढले तेव्हा वह्यांचा लगदा झाला होता. हळदीकुंकवाच्या वाट्या धुऊन पुसून पुन्हा वापरात घेतल्या. वह्यांचे काही करता आले नाही. सांगायचे म्हणजे, त्या वर्षीचा अहवाल मी निव्वळ आठवणीवर लिहिला. तो वाचताना तिघीचौघींच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मला आवडले नाही. प्रत्येकीला वाटत होते, माझे काम हिच्या आठवणीत राहिले कसे नाही? आणि त्यांचे वाटणे बरोबर होते. चिटणिसाच्या आठवणीत कोण राहते? जी सभेत पुष्कळ बोलते ती.

माझी भाची संगणकाच्या धंद्यात आहे. तिच्याकडे हे रडगाणे गायले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तू साध्या फायलीत लिहीत जा. मी तुला ऑर्ग मोड शिकवते." नाव ऐकून मला ते एखाद्या औषधासारखे वाटले. कार्स्टन डॉमिनिक नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात आहेत. त्यांनी २००३ साली आपल्या स्वतःच्या टिपणांची आणि कामांची व्यवस्था लावण्यासाठी ही सोय तयार केली. ती ईमॅक्स नावाच्या लिहिण्याच्या यंत्रणेत बसते, आणि फुकट मिळते. चित्रे नाहीत, रंगीत बटणे नाहीत. फाइल म्हणजे नुसती अक्षरे. तीत देवनागरी चालते. उद्या हा ऑर्ग मोड बंद पडला तरी ती अक्षरे कुठल्याही संगणकावर वाचता येतील, आणि तीच फाइल तीन ठिकाणी ठेवता येते. २६ जुलै पाहिलेल्या बाईला एवढे सांगितले की पुरे झाले!

आता हे चालते कसे? ओळीच्या आरंभी एक चांदणी काढायची, म्हणजे ते शीर्षक झाले. दोन चांदण्या काढल्या की त्याखालचे पोटशीर्षक. कामाच्या आधी 'करायचे' हा शब्द. काम झाले की कंट्रोल सी आणि लगेच कंट्रोल टी, की त्या जागी 'झाले' येते. मूळचे शब्द इंग्रजी आहेत. ते आपल्याला हवे तसे बदलता येतात, आम्ही बदलले. आणि एकदा यंत्राला तसे सांगून ठेवले असेल, तर 'झाले' म्हणताक्षणी ते त्याखाली 'क्लोज्ड' असा शब्द आणि पुढे तारीख, वार व वेळ मांडते. हे सांगून ठेवणे फार महत्त्वाचे. न सांगितले तर ते मुकाट्याने 'झाले' लिहिते, तारीख लिहीत नाही. पहिले तीन महिने माझे तसेच गेले. कामे सगळी झालेली, पण केव्हा, ते कुणाला ठाऊक?

ज्यांच्या माहेरी दुकान होते त्यांना कीर्द आणि खतावणी हे दोन शब्द ठाऊक असतील. कीर्दीत रोजच्या नोंदी रोज, घडल्या त्या क्रमाने. खतावणीत त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर. दुकानदार आधी कीर्द लिहितो आणि तीवरून खतावणी करतो. या फायलीत नेमके उलटे आहे. आपण लिहितो ती खतावणी: शिवणवर्गाखाली शिवणवर्गाची कामे, वाचनालयाखाली वाचनालयाची, सहलीखाली सहलीची. आणि कीर्द यंत्र आपल्याला मागू तेव्हा मांडून देते. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काय काय झाले, असे विचारले की साऱ्या खात्यांतली झालेली कामे तारीखवार पुढे येतात.

यात काही परदेशी नवल आहे असे मात्र मानू नका. पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्द असे. त्या दिवशी काय जमा, काय खर्च, कुणाला काय हुकूम दिला, ते तारखेने लिहिलेले. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून निवडून काढलेले उतारे पुढे रोजनिशी या नावाने ग्रंथरूपाने निघाले, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली त्या रोजनिश्यांवर निबंध वाचला. राजाच्या कारभाराचा इतिहास लढायांपेक्षा अशा रोजच्या नोंदींत अधिक दिसतो, असे माझे आपले मत. पुढे १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत प्रसिद्ध केले. त्यांत वसईच्या मोहिमेचेही कागद आहेत, म्हणजे १७३७ ते १७३९ च्या, आपल्या उत्तनच्या बाजूला धारावीचा किल्ला ज्या मोहिमेत लढवला गेला त्या. त्या काळच्या पुष्कळ पत्रांवर चंद्राची तारीख आणि महिना असतो, साल नसते. लिहिणाऱ्याला वाटे, साल कोण विसरणार? अभ्यासकांनी मग मजकुरावरून ताडून, जंत्र्या लावून एकेका पत्राचे साल ठरवले. आपल्या मंडळाच्या पावतीपुस्तकांतही पाहा: "ता. १२/६, रोख मिळाले." कुठल्या सालची बारा जून? यंत्राची एक गोष्ट मला यासाठीच आवडते, ते साल लिहायला कधी कंटाळत नाही.

मग तुम्ही म्हणाल, एका वर्षाची यादी ती काय मोठी, वर्ष म्हणजे वर्ष. तसे नाही हो! आपल्या या एवढ्याशा मंडळाला तीन वर्षे आहेत. हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, ते तपासनिसाचे. स्मरणिकेचे वर्ष या डिसेंबरातल्या वर्धापनदिनापासून त्या वर्धापनदिनापर्यंत, ते आपले. आणि चैत्रगौर, मंगळागौर, भोंडला हे कार्यक्रम पाडव्यापासून पाडव्यापर्यंत मोजायचे, ते पंचांगाचे. पाडवा तरी एका जागी कुठे असतो? २०२४ साली ९ एप्रिलला आला, २०२५ साली ३० मार्चला. म्हणजे हिशेबाच्या एकाच वर्षात, २०२४-२५ मध्ये, आपले दोन पाडवे झाले, आणि खजिनदारबाईंनी विचारले की साखरगाठ्यांचा खर्च दोनदा कसा! वहीत खूण करून हे तिन्ही हिशेब निघत नाहीत. तारखा बदलून पुन्हा विचारले की निघतात.

तारखा विचारण्यातही एक गोम आहे. २०२३ च्या एप्रिलात मी हिशेबाच्या वर्षाची यादी काढली. विचारले ते असे: १ एप्रिल २०२२ पासून ३१ मार्च २०२३ पर्यंत पुरी झालेली कामे दाखव. यादी आली, छापली, खजिनदारबाईंकडे दिली. दोन दिवसांनी त्या घरी आल्या. म्हणाल्या, "दोन मुलींच्या शाळेची फी भरल्याचे पैसे माझ्याकडे खर्ची पडले आहेत. तुमच्या यादीत ते काम नाही." भगिनींनो, पैसे खर्ची पडलेले आणि काम कुठे दिसत नाही, याचा अर्थ बाहेरचा माणूस काय लावील ते मी सांगायला नको. माझ्या तोंडचे पाणी पळाले. फी भरायला गेले होते मी स्वतः. पावती माझ्या पर्समध्ये होती, तारीख ३१ मार्च.

फायलीत ते काम होते. 'झाले' होते, खाली तारीख होती, वेळ दुपारी सव्वाचारची. मग यादीत का नाही? रात्री भाचीला फोन केला तेव्हा उलगडा झाला. नुसते "३१ मार्च" म्हटले की यंत्र समजते ३१ मार्चची मध्यरात्र, म्हणजे त्या दिवसाचा पहिला क्षण. तिथपर्यंतची कामे ते देते. सव्वाचार त्याच्या नंतरचे, म्हणून ते बाहेर. वर्षाचा अखेरचा अख्खा दिवस गळाला होता, आणि वर्षअखेरीस निम्मे मंडळ धावपळ करते ते नेमके त्याच दिवशी! यावर उपाय सोपा आहे. ३१ मार्चपर्यंत असे म्हणायचे नाही. १ एप्रिलच्या अलीकडची, असे म्हणायचे. तेव्हापासून मी यादी काढली की सर्वांत आधी शेवटच्या तारखेची ओळ आहे का ते पाहते, आणि मगच चष्मा उतरवते.

पण ही चूक लहान. कबुली द्यायची ती दुसरी, त्याआधीची. ती २०२२ च्या वर्धापनदिनाची.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा आपल्यापैकी अकरा भगिनी घरात एकट्या होत्या. कुणाची मुले परदेशी, कुणाची नालासोपाऱ्याला म्हणजे खाडीपलीकडे, पण तेव्हा तेही परदेशच होते. आपल्या एका काकूंनी, त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही, स्वतःहून या अकराजणींना दर सोमवारी फोन करायला सुरुवात केली. औषध आहे का, दूधवाला येतो का, काल काय खाल्ले. टाळेबंदी उठली, सोमवार थांबला नाही. संध्याकाळी काकू मला एकच वाक्य सांगत, "झाले गं." आणि मी कंट्रोल सी, कंट्रोल टी करीत असे.

२०२२ चा अहवाल मी याच ऑर्ग मोडवरून केला. वर्धापनदिन ते वर्धापनदिन, झालेल्या कामांची यादी. लांबलचक यादी. रांगोळी स्पर्धेपासून सतरंज्या धुऊन आणण्यापर्यंत सगळे त्यात होते, आणि मी मोठ्या दिमाखाने म्हणाले, "यंदा कुणाचे काही राहिलेले नाही. यंत्राने काढले आहे." काकू दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. सभा झाल्यावर माझ्याबरोबर खुर्च्या रचत होत्या, तेव्हा सहज म्हणाल्यासारखे म्हणाल्या, "माझं ते काही काम नव्हे म्हणा. बोलणंच ते."

मला आधी कळलेच नाही. घरी जाऊन यादी पाहिली. फोनांची एकही ओळ नव्हती.

त्या रात्री मी फाइल उघडली आणि त्या कामाच्या खाली गेले. तिथे नोंदी होत्या, एकाखाली एक, दर सोमवारची एक, वेळेनिशी. त्या वर्षाच्या मोजल्या, ४९ भरल्या. काही हरवले नव्हते. मला मागता आले नव्हते.

झाले होते ते असे. जे काम पुन्हा पुन्हा करायचे असते, दर आठवड्याला म्हणा, दर महिन्याला म्हणा, त्याच्या तारखेपुढे तशी खूण करून ठेवतात. ते 'झाले' म्हटले की यंत्र एक नोंद खाली टाकते, तारीख पुढल्या सोमवारची करते, आणि कामापुढे पुन्हा 'करायचे' लिहिते. म्हणजे ते काम कधी संपलेले म्हणून गणलेच जात नाही. त्याच्या खाली 'क्लोज्ड' येत नाही. आणि मी यादी मागितली होती ती 'क्लोज्ड' कामांची. एकदाच केलेली रांगोळी स्पर्धा संपली, म्हणून ती दिसली. ४९ वेळा केलेले काम उद्या पुन्हा करायचे आहे, म्हणून ते दिसले नाही.

बायांनो, तुम्ही हसता आहात, तुम्हाला कळले. ही गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मावशी, यात यंत्राचा दोष नाही." नाही, खरेच नाही, त्याने नोंद तर ठेवली होती. पण मला माझी सासू आठवली. तिला कुणी विचारले, दिवसभर काय केलेत, तर म्हणे, "काही नाही, घरचंच." पोळ्या झाल्या, पण उद्या पुन्हा करायच्या. पाणी भरले, पुन्हा भरायचे. तिचे एकही काम 'क्लोज्ड' झाले नाही.

सरकारने या बाबतीत आपल्यापेक्षा बरे केले आहे. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरोघरी जाऊन विचारले ते "तुम्ही काय काम करता" असे मोघम नव्हे. काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाला काय केलेत, ते. (पाहा, दिवस कुठून कुठवर धरायचा हे त्यांनाही आधी ठरवावे लागले!) त्यात निघाले की घरचे बिनमोलाचे काम त्या दिवशी केलेल्या स्त्रिया १०० पैकी ८१, पुरुष २६. ज्यांनी केले त्यांनाही सरासरी स्त्रियांना २९९ मिनिटे लागली, पुरुषांना ९७. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा २८९ आणि ८८. पाच वर्षांत आपली १० मिनिटे वाचली, आणि त्यांची ९. "काही नाही, घरचंच" या उत्तरातून हे आकडे कधी निघाले नसते. अर्ध्या तासाने विचारले म्हणून निघाले.

तर आता मी काय करते? आठवड्याचा अजेंडा उघडते आणि नुसते एल हे अक्षर दाबत नाही. नुसते एल दाबले तर ते ठरीव नोंदीच दाखवते. आधी कंट्रोल यू आणि मग एल, असे केले की बदलांच्या सगळ्या नोंदी येतात, म्हणजे परतपरतची कामेही ज्या त्या तारखेला दिसतात. आठवड्याऐवजी महिना किंवा वर्षही मागता येते. आटोपलेली जुनी कामे ज्या वेगळ्या फायलीत हलवलेली असतात ती त्यात आपोआप धरली जात नाही, तीही सांगून घ्यावी लागते. आणखी एक. काम झाल्यावर मला त्याच दिवशी कळवत जा. तुम्ही पाच दिवसांनी सांगितलेत आणि मी तेव्हा 'झाले' केले, तर तारीख पडते सांगण्याच्या दिवसाची. कालचे म्हणून नोंदवायची एक सोय आहे. पण परवाचे, तेरवाचे म्हटले की मला हाताने तारीख बदलावी लागते, आणि हाताने बदललेल्या तारखेवर माझा स्वतःचाच भरवसा नाही.

तारीख खरी असली की काय होते त्याचा अनुभव सांगते. आपल्या एका विधवा भगिनीच्या पेन्शनच्या अर्जासाठी आपण दोघीतिघी पाळीपाळीने एका कचेरीत जात होतो. कचेरीचे नाव घेत नाही. "अर्ज आलेलाच नाही," असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला "आला होता, पण त्रुटी होती", आणि तिसऱ्या खेपेला पुन्हा "आलेलाच नाही." मी घरी येऊन पहिल्या दिवसापासूनची यादी काढली. सात खेपा, कुठल्या तारखेला, किती वाजता, कोण गेले, काय उत्तर मिळाले. भांडण नाही, तक्रार नाही, नुसती एका कागदावर सात ओळींची यादी. तिथल्या बाईंनी ती वाचली, उठून आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा अर्ज त्यांच्या हातात होता. पेन्शन सुरू व्हायला पुढे आणखी चार महिने लागले, हेही सांगायला हवे.

काकूंची मी क्षमा मागितली होती. त्या म्हणाल्या, "अगं, त्यात काय!" आणि चहाला आधण ठेवले. पण २०२३ पासूनच्या प्रत्येक अहवालात सोमवारच्या फोनांची ओळ आहे, आकड्यासह, हे आपण स्मरणिका चाळलीत तर दिसेल.

यंदाची यादी काल रात्री काढली. गेल्या वर्धापनदिनापासून आजवर ५२ सोमवार आले. नोंदी ५१. एक सोमवार कोरा, ऑगस्टातला. मला वाटले, माझ्याकडून दाबायचे राहिले, म्हणून आज सकाळी काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, "त्या सोमवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी नाही केला कुणाला फोन." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण त्या दिवशी मला नऊजणींचे आले." हे कुणीच मला कळवले नव्हते. त्या नऊजणींतल्या सहाजणी आज सभागृहात बसल्या आहेत; चहाच्या वेळी मला भेटा, कुणी किती वाजता केला ते लिहून घ्यायचे आहे.